सिझरनंतर त्वचा बंद करायला काय वापरावं: नायलॉन, स्टेपल की विरघळणारा दोरा?

ग्रामीण_एमओ
आमच्या ग्रामीण रुग्णालयात सिझरला त्वचेसाठी ३-० (दोऱ्याची जाडी; आकडा वाढला की दोरा बारीक) नायलॉनचे मॅट्रेस टाके (कडेतून दोनदा जाणारे, नंतर काढावे लागणारे) चालत आलेत. आता दोऱ्यांची मागणी नव्यानं लिहायची आहे. पेशंट बहुतेक गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यांवरच्या. बाळंतीण माहेरी जाते, पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला की टाके काढायला येणं होत नाही. छेद जवळजवळ सगळे आडवेच. काय मागवू, आणि कुठं काय बिघडतं ते नेमकं सांगा.

करवीर_ओबीजी
आडवा छेद असेल तर ४-० मोनोक्रिल (विरघळणारा दोरा), रंगहीन, १९ मिमी रिव्हर्स कटिंग सुई. सबक्युटिक्युलर, म्हणजे त्वचेच्या आतून, सलग. जांभळा मागवू नका, पातळ त्वचेखालून दिसत राहतो. ७० सेंमीचा एक दोरा १५ सेंमीच्या छेदाला पुरतो.

स्टेपलरच्या मोहात पडू नका. अमेरिकेतल्या क्रॉस चाचणीत (२०१४, ७४६ स्त्रिया) जखमेच्या तक्रारी टाक्यांत ४.९ टक्के, स्टेपलमध्ये १०.६ टक्के निघाल्या. फरक मुख्यतः जखम उकलण्याचा होता, संसर्गाचा फारसा नव्हता. स्टेपलनं आठ-दहा मिनिटं वाचतात, हे खरं. पण तुमच्याकडं ती मिनिटं महत्त्वाची की गगनबावड्याहून परतीची फेरी? शिवाय पिना काढायचा रिमूव्हर गावच्या आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, आणि नसला की कोणीतरी आर्टरी फोर्सेप्सनं (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्यानं) ओढतं.

व्हिक्रिल (दुसरा विरघळणारा दोरा) की मोनोक्रिल, यावर २०१७ मध्ये आलेल्या अमेरिकन चाचणीत जखमेच्या तक्रारी मोनोक्रिलला ८.८ आणि व्हिक्रिलला १४.४ टक्के असा निकाल लागला. व्हिक्रिल विणलेला दोरा आहे, विणीत जंतूंना थारा मिळतो; मोनोक्रिल एकसंध आहे. व्हिक्रिल रॅपिडची (त्याच्या लवकर विरघळणाऱ्या प्रकाराची) निम्मी ताकद पाच दिवसांतच जाते. तो एपिसिओटॉमीला (प्रसूतीत योनीमुखाशी दिलेल्या छेदाला) ठीक.

थिएटर_सिस्टर
डॉक्टर, दोरा बदलून सगळं सुटेल असं समजू नका. मोनोक्रिलची ताकद आठवड्यात निम्म्यावर येते, दोन आठवड्यांत पाव भागाच्या आसपास. म्हणजे त्वचेच्या टाक्यानं ताण पेलायचाच नसतो, खालच्या थरानं पेलायचा असतो. फॅट २ सेंमी किंवा जास्त जाड असेल तर २-० किंवा ३-० व्हिक्रिलनं तो थर जोडूनच घ्या. आवळून नाही, कडा नुसत्या भेटाव्यात. आवळलेली चरबी मरते आणि पाचव्या दिवशी तेलकट पाणी सुटतं. पातळ पोटात हा थर घ्यायची गरज नाही. त्वचेखाली ड्रेन (निचऱ्याची नळी) ठेवून फायदा होत नाही, ती सवय सोडा.

त्याआधी फॅटमधून येणारं ओझिंग (झिरपणारं रक्त) नीट थांबवा. उकललेल्या बहुतेक जखमांत खाली सेरोमा (साठलेलं पाणी) किंवा रक्ताची गाठ असते.

करवीर_ओबीजी
सिस्टरांचं बरोबर. आता हाताचं सांगतो, नवीन मुलं इथंच चुकतात.

पहिली गाठ कोपऱ्यात, खोल पुरून: आतून सुरू, आत संपवा. मोनोक्रिल घसरतो म्हणून चार-पाच फेरे. पुढचा प्रत्येक टाका डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात), आडवा, ५ ते ८ मिमी, दोन्ही कडांना एकाच खोलीवर. समोरच्या कडेत सुई घालताना मागचा टाका जिथून बाहेर आला त्याच्या समोर किंवा मिलीमीटरभर मागं. पुढं गेलात तर कडा तिरक्या बसतात आणि शेवटी एका बाजूला कुत्र्याच्या कानासारखी घडी उरते. सुई फार वर आली तर त्वचेतून भोक पडतं. कडा दातेरी अ‍ॅडसन चिमट्यानं हलक्या धरा, चिमटून पांढऱ्या करू नका. नीडल होल्डरनं दोरा मध्येच पकडू नका. दबलेल्या जागी मोनोक्रिल तुटतो, तोही घरी गेल्यावर.

दर तीन-चार टाक्यांनी दोरा ओढून कडा जुळल्या का बघा. शेवटच्या गाठीनंतर सुई जखमेतून आत घालून दोन सेंमीवर बाहेर काढा, दोरा ताणून त्वचेलगत कापा. टोक आत जातं.

आजरा_एएनएस
पूर्वतयारीचं कुणी लिहिलं नाही. सेफॅझोलिन (अँटिबायोटिक) २ ग्रॅम (१२० किलो किंवा जास्त वजनाला ३ ग्रॅम) छेदाआधीच्या तासाभरात. नाळ कापल्यावर द्यायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती बंद व्हायला हवी. कळा चालू असताना किंवा पाणमोट फुटल्यावर सिझर होत असेल तर सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ शिरेतून, तासाभरात हळूहळू. केस काढायचेच तर क्लिपरनं, ब्लेडनं नको. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावल्यावर किमान ३ मिनिटं वाळू द्या. ओल्या अल्कोहोलवर कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं उपकरण) लावली तर भडका उडतो.

ग्रामीण_एमओ
मग नायलॉन बंदच करू का? आणि त्वचा चिकटवायचा ग्लू?

करवीर_ओबीजी
नायलॉन दोन-चार पाकिटं ठेवाच. उभा छेद, पुन्हा शिवायची उकललेली जखम, किंवा प्लेटलेट कमी असून रक्त साठायची भीती, तिथं सुटे टाके बरे. रक्ताची गाठ साठली तर दोन टाके कापून निचरा करता येतो. सलग दोरा एका जागी कापला की पकड ढिली पडते. टाके काढायला आडव्यात सातवा दिवस, उभ्यात किंवा स्थूल, मधुमेही पेशंटमध्ये दहावा. आधी एकाआड एक काढा. फट दिसली तर थांबा.

ग्लू ताण घेत नाही, कडा आधीच जुळलेल्या आणि कोरड्या लागतात, पोटाच्या घडीखाली टिकत नाही. महागही. आणि त्यावर कुणी मलम चोपडलं की तो सुटतो.

थिएटर_सिस्टर
डिस्चार्जच्या वेळी सांगायचं: ड्रेसिंग २४ तासांनी काढलं तरी चालतं, नंतर रोज अंघोळ, साबणाच्या पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करायचं. हळद, खोबरेल, शेगडीची राख यातलं काही जखमेवर नको. आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत आणि ओलसर पोटपट्टा दिवसभर जखमेवर राहतो. पट्ट्यावर इस्त्री फिरवून मगच बांधायला सांगा. आंबटानं टाके पिकत नाहीत, हे सासूबाई आणि आई दोघींसमोर सांगा, नाहीतर बाळंतिणीला महिनाभर नुसता मऊभात मिळतो. अंडी, डाळी, दूध हवं.

संसर्ग बहुधा घरी गेल्यावरच कळतो. ताप ३८ सेल्सियसच्या वर, लाली पसरत जाणं, पू किंवा कड सुटणं, यासाठी लगेच यायचं. आशाताईंच्या ७, १४ आणि २१ व्या दिवसाच्या भेटी असतातच, बाळाबरोबर जखमही बघायला सांगा.

ग्रामीण_एमओ
शेवटचं: विरघळणाऱ्या दोऱ्यात महिन्यानंतर टोकाला पुटकुळी येऊन पांढरा दोरा दिसतो. तो संसर्ग धरायचा?

करवीर_ओबीजी
बहुतेकदा नाही. गाठ वर राहिली की शरीर ती बाहेर ढकलतं. मोनोक्रिल पूर्ण जायला ९० ते १२० दिवस लागतात. निर्जंतुक चिमट्यानं दोरा उचलून कापा, जागा धुवा. भोवती लाली किंवा कडकपणा नसेल तर अँटिबायोटिक लिहू नका.