प्रतिसाद: ‘बोऱ्या वाजणार’ की ‘बोजवारा उडणार’?

अपयश अटळ आहे असं सांगायला दोन्ही चालतात का, या प्रश्नावर थोडी भर. बोजवारा उडतो तो व्यवस्थेचा किंवा नियोजनाचा: वाहतूक, पाणीपुरवठा, वेळापत्रक. बोऱ्या कशाचाही वाजतो, अगदी परीक्षेचाही, पण तो बोलीतला. अर्जात किंवा अहवालात नको. अटळपणा मात्र या दोन्ही शब्दांत नाही. तो ‘-णारच’ किंवा ‘ठरलेलाच’ यातून येतो: ‘तयारी शून्य, बोऱ्या वाजणारच.’ क्रियापदांची अदलाबदल करू नका, ‘बोजवारा वाजला’ कानाला खटकतं. अपयशासाठीच वापरलं जाणारं ‘पानिपत’ १७६१ च्या लढाईवरून आलेलं, म्हणून समोर बहुधा प्रतिस्पर्धी असतो. निवडणुकीत पक्षाचं पानिपत होतं. करपलेल्या भाजीला हा शब्द लावला तर तो विनोदच!