हवा कमी येतेय की गार येत नाहीये, ते आधी बघा

गाडीच्या एसीचा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) चारवर ठेवला तरी हवा जेमतेम येते म्हणताय आणि सगळे गॅस भरा म्हणून मागे लागलेत, पण थांबा जरा. गॅस कमी झाला की हवा गार येत नाही, हवेचा जोर काही थेट कमी होत नाही.

आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. तो काढून दोन मिनिटं ब्लोअर चालवा, जोर एकदम वाढला तर चोर सापडला. नवीन टाकताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा, मेकॅनिकसुद्धा उलटा बसवतात कधीकधी. रीसर्क्युलेशनवर (गाडीतलीच हवा फिरवणारं बटण) हवा बरी येते आणि बाहेरच्या हवेवर कमी, असं असेल तर वायपरखालच्या जाळीत पाला अडकलाय का तेही बघा.

आता, सुरुवातीला जोर चांगला आणि अर्ध्या-पाऊण तासाने हवा मरते, असं होत असेल तर प्रकरण वेगळं, इव्हॅपोरेटरवर (एसीचा हवा गार करणारा भाग) बर्फ धरतोय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, हवा परत आली आणि गाडीखाली पाणी टपटपलं तर नक्की तेच. इथे मात्र गॅस कमी असणं हे कारण असू शकतं, नाहीतर इव्हॅपोरेटरचं तापमान बघणारा सेन्सर गेलेला असू शकतो.

आणि फक्त शेवटच्या स्पीडलाच ब्लोअर चालत असेल तर मोटर बदलू नका, बहुतेक रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग) गेलाय, तो त्यामानाने फारच स्वस्त पडतो.