विमानाचं इंजिन हवेत फेल झालं तर दोष पायलटचा का जमिनीवरच्यांचा?

किशोर, आर्वी:
इंजिन फेल झाल्याची बातमी आली का आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, पायलट काय करत होता. मले हे पटत नाही भाऊ. जिनिंगमध्ये आग लागली का पहिले हमालाले धरतात, तसंच आहे हे. १९८९ चं अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीचं फ्लाइट २३२ घ्या, डीसी-१० विमान, शेपटीतल्या इंजिनची टायटॅनियमची डिस्क हवेत फुटली अन् तुकड्याईनं तिन्ही हायड्रॉलिक सिस्टीम, म्हणजे विमान वळवायच्या तेलाच्या दाबावरच्या यंत्रणा, निकामी केल्या. दोष धातू बनवतानाच आत राहिलेला, त्यातून चीर वाढत गेली अन् तपासणीत कोणाले दिसली नाही. पायलट लोकाईनं उरलेल्या दोन इंजिनांचं थ्रॉटल, म्हणजे ताकद, कमीजास्त करून विमान सू सिटी गावच्या विमानतळापर्यंत आणलं, २९६ मधले १८४ वाचले. त्याईले दोष देता?

दारव्हेकर:
सोयीचंच उदाहरण घेतलं न तुम्ही. त्याच साली जानेवारीत इंग्लंडात केगवर्थले काय झालं ते बी लिवा. बोईंग ७३७ विमानाचं डावं इंजिन बिघडलं अन् कॉकपिटमधल्या दोघाईनं उजवं, चांगलं चालू असलेलं बंद केलं. ४७ माणसं गेली. २०१५ मध्ये तैपेईत पुन्हा तेच, चालू इंजिन बंद अन् विमान नदीत. एका इंजिनवर विमान उडते, त्याच्यासाठीच ट्रेनिंग असते, मग पांघरूण कायले घालता?

किशोर, आर्वी:
पांघरूण नाही घालून राहिलो. केगवर्थचं मॉडेल नवीन होतं, त्याचं सिम्युलेटरवरचं, म्हणजे नकली कॉकपिटमधलं, ट्रेनिंग त्याईले भेटलंच नव्हतं, अन् मागच्या लोकाईले डाव्या इंजिनात आग दिसत होती ते कॉकपिटपर्यंत पोचलं नाही. अन् इंजिनच्या पंख्याचं ब्लेड तुटलं काहून? उंचीवर येणारं कंपन जमिनीवरच्या टेस्टमध्ये सापडलंच नव्हतं.

वंदना, हिंगणघाट:
माझा पोरगा नागपूरले विमान मेंटेनन्सचा कोर्स करून राहिला, म्हणून बोलते. तुम्ही दोघंबी मेकॅनिक अन् पायलटमध्येच अडकले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या ७३७ चं फॅन ब्लेड तुटलं, नशिबानं सगळे वाचले. ब्लेडची अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी आतली चीर शोधायची, तपासणी सक्तीची करायचा प्रस्ताव आला तो २०१७ मध्ये, अन् तो पक्का व्हायच्या आतच एप्रिल २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानात तसंच ब्लेड तुटलं, खिडकी फुटली, एक बाई गेली. कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, फक्त सही व्हायची होती. माझा राग त्या उशिरावर आहे.

दारव्हेकर:
ताई, तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण २००९ मध्ये हडसन नदीवाल्या विमानात पक्षी घुसले, दोन्ही इंजिन गेले, तिथं कोणती सही राहिली होती? साडेतीन मिनिटांत पायलटनं ठरवून विमान नदीत उतरवलं अन् १५५ च्या १५५ वाचले. श्रेय पायलटले द्यायचं तर चुकीची जबाबदारी बी त्याचीच.

किशोर, आर्वी:
श्रेय द्याच, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या फ्लाइट ३२ चं बी बोला. २०१० मध्ये त्या ए-३८० विमानाच्या इंजिनात तेलाची एक छोटीशी नळी कारखान्यात एका बाजूनं पातळ बनली, ती चिरली, तेल गळून आग लागली, टर्बाइनची डिस्क फुटून पंखातून आरपार गेली. पायलटनं ४६९ माणसं सिंगापूरले सुखरूप उतरवली. अन् तशाच चुकीच्या नळ्या नंतर बाकी इंजिनांत बी सापडल्या. त्या उडायच्या आधी कोणी शोधायच्या होत्या, एवढं सांगा दारव्हेकर.