वाडीचं रोजचं लिहिणं म्हणजे घाम विकणं?

पोफळीखालची
परवा इथे 'कातळावरचा' यांनी लिहिलं होतं: "खऱ्या बागायतदाराला मे महिन्यात नाक पुसायला सवड नसते. वाडीतलं रोजचं लिहिणारे आणि चुलीपुढची म्हातारी दाखवणारे शेती करत नाहीत, घाम विकतात." तेव्हाच उत्तर देणार होते, पण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, लाकडं रचायची होती. आज पडवी भरली, आता बसते.

श्रीवर्धनला आमची 14 गुंठे वाडी. रोठा सुपारी, मधेमधे माड, माडांवर मिरीचे वेल. 2017 पासून रात्री भांडी झाली की चार ओळी आणि जमला तर एक फोटो लोकांसमोर ठेवते. काय असतं त्यात? पंपाने पाणी सोडलं. सुपारी सोलायला बाई मिळेना. जावेच्या पायाला विंचू चावला. यात विकण्यासारखं काही असलं तर दर सांगा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. संध्याकाळी दार उघडलं तर मागच्या दारातून थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन आले तेव्हापासून तो कधी दिसला नव्हता, नुसता ऐकू यायचा. 146 पोफळींतल्या, म्हणजे सुपारीच्या झाडांतल्या, 31 उभ्या राहिल्या. हा आकडा पक्का आहे, कारण जानेवारीत शिंपण्याची पाळी लिहिताना मी झाडं मोजून टाकली होती. पंचनाम्याला माणूस आला, आडव्या खोडांचा ढीग बघून म्हणाला, "अंदाजे सांगा." शेजारच्यांनी अंदाजे सांगितलं. मी तारखेसकट दाखवलं.

कातळावरचा
मग 146 पोफळी दाखवून सरकारने काय जास्त दिलं ते पण सांगा की.

पोफळीखालची
काही नाही. पहिली भरपाई हेक्टरी 50 हजार, म्हणजे गुंठ्याला 500. चौदा गुंठ्यांचे सात हजार. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. झालं समाधान?

कातळावरचा
समाधान कसलं, निसर्गात माझ्या मामाची वाडी गेली आहे. तुमच्यावर माझा राग नाहीच, तुम्ही विनाकारण अंगावर ओढून घेतलंत. मी म्हणत होतो 'घरची सेंद्रिय बाग'वाल्यांबद्दल. माझी 300 हापूस कलमं आहेत. मोहोर धरावा म्हणून पावसात मुळाशी कल्टार हे औषध घालायचं, मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स, भुरी, सात-आठ फवारण्या. एवढं करून मार्च अखेरीला ऊन चढलं की वाटाण्याएवढी फळं गळून झाडाखाली चटई. यातलं कोण दाखवतं? फवारणीच्या पंपाचा फोटो टाकला की गिऱ्हाईक पळालं. आणि फोटोत झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, नेहमी बाबांच्या हातात! प्रत्यक्षात बाबांना गुडघ्यामुळे पायरी चढवत नाही, झाडावर नेपाळी. सात-आठ महिने खोपटात राहून राखण तो करतो, चौदा आणे, म्हणजे काढण्याजोगा तयार झालेला, आंबा बघून काढतो तोच. एका तरी फोटोत बघितलात?
आणि कळस म्हणजे गेल्या आठवड्यातली ती चित्रफीत. वानर माडावर बसून शहाळं फोडतोय, खाली लिहिलंय 'निसर्गाशी मैत्री'. हजारो बदाम!

डोंबिवली फास्ट स्लो
मी चाकरमानी, मला बोलायचा अधिकार नाही असं म्हणाल, तरी बोलतो. आमच्या सातबाऱ्यावर 23 नावं. त्यातली चार माणसं मी बघितलेली नाहीत. सामायिक म्हणून कोणी कुदळ मारत नाही, कोणी विकतही नाही. मला रात्रीच्या लोकलमध्ये या ताईंच्या चार ओळी वाचल्या की वाडीत पाणी फिरवून आल्यासारखं वाटतं. खोटं असेल तर असू दे. आणि वानर इतके वाईट नसतात हो, आमच्या लहानपणी देवळामागे दहा-बारा असायचे.

कुडाळचो काजू
मैत्री? त्येंची मैत्री माझ्या फणसाशी असा! पाच माडांवरसून यक नारळ घरात येणा नाय. शहाळां धरला काय खाली. म्हातारो बापूस सकाळधरून डबो वाजयत बसता, तेका बगून माकडां हसतत. डोंबिवलीकरांनी चार दिवस येवन राखणेक बसा, मगे सांगा वायट असत काय नसत.

वहाळ
एक दुरुस्ती. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. लाल तोंडाचं ते माकड. दोघांचे प्रताप वेगळे, उगाच एकत्र करू नका.

कुडाळचो काजू
नारळाक कळता काय तोंड खयच्या रंगाचा ता?

वहाळ
कळायला तुम्हाला हवं. ही जनावरं वस्तीत आली कशामुळे? 1990 नंतर रोजगार हमीतून 100 टक्के अनुदानाची फळबाग आली आणि डोंगरच्या डोंगर साफ करून काजू लावले. आईन, किंजळ, जांभूळ, सगळं कापून. त्यांच्या ताटातलं काढून तुम्ही बागा केल्यात, आता तक्रार कसली?

कातळावरचा
तुम्ही कातळ बघितलाय का कधी? आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, 1990 च्या आधी पावसात गवत आणि उन्हाळ्यात तव्यासारखा दगड, एवढंच होतं. सुरुंग लावून खड्डे मारले, खालून माती डोक्यावर वाहून भरली. माझ्या आजीच्या डोक्याला चुंबळीचा वण होता. कसलं ताट काढून घेतलं आम्ही? पुस्तकं वाचून सड्यावर बोलायला येऊ नका.

वहाळ
मी दापोलीचा आहे, पुस्तकांतला नाही. तुमचा सडा उघडा असेल, आमचा डोंगर नव्हता. आमच्याच काकांनी कुऱ्हाड चालवली, मी बघितलंय.

कातळावरचा
मग काकांना बोला.

डोंबिवली फास्ट स्लो
पकडून लांब नेऊन सोडत नाहीत का?

कुडाळचो काजू
सोडतत मा! त्या गावातली आमच्यात, आमच्यातली त्या गावात. घरजावय कसे.

कातळावरचा
आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, आजोबांच्या परवान्याची. गोळी नाही घालत हो, नुसता बार काढायचा. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. माकडांना आचारसंहिता नाही. मागच्या लोकसभेला ऐन हंगामात बंदूक तिकडे आणि आम्ही इकडे सुतळी बॉम्ब घेऊन.

पोफळीखालची
सगळे माकडांवर चढलात. मी विचारलं होतं लिहिण्याबद्दल.

माजघर
मग मी विचारते. ताई, चुलीपुढच्या सासूबाईंचा फोटो तुमच्याकडेही बघितला होता. त्यांना विचारलं होतंत? माझ्या भावजयीने माझ्या आईचा असाच टाकला. फाटकी चोळी, तोंडात दात नाहीत. खाली लोकांचं 'किती गोड आजी'. आईला कोणीतरी दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मी मेल्यावर लावायचा फोटो हाच का?" त्यानंतर भावजय आली की आई चुलीपाशी बसत नाही.

पोफळीखालची
नव्हतं विचारलं.
बाजारात कुणीतरी सासूबाईंना सांगितलं की तुम्हाला मोबाईलवर बघितलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, भाकऱ्या मात्र माझ्या वाटणीच्या झाकून ठेवत होत्या. तो फोटो काढून टाकला. आता मी फोन उचलला की त्या आधी आत जाऊन पातळ बदलून येतात, पावडर लावतात, मग तवा ठेवतात. म्हणजे रोजचं म्हणून जे दाखवते ते रोजचं राहिलं नाही. कातळावरचा, हे तुमच्या खात्यात जमा करा.

कातळावरचा
केलं जमा. उपकार झाले.
बरं, माझ्याकडूनही घ्या. पुढच्या हंगामात फवारणीचा फोटो पाठवतो, गळलेल्या कैऱ्यांचाही. टाका तुमच्याकडे. गिऱ्हाईक पळालं तर उरलेल्या पेट्या श्रीवर्धनला उतरवीन, आंबे पिकवायची आढी घालायला पडवी रिकामी ठेवा.

पोफळीखालची
पडवीत लाकडं आहेत. पण पाठवा. झेलेवाल्याचाही पाठवा, त्याची हरकत नसेल तर. खाली नाव काय लिहू?

कातळावरचा
आम्ही बहादूर म्हणतो.

माजघर
ते नाव झालं का?

कातळावरचा
अकरा वर्षं आहे माझ्याकडे. कागदावर काय आहे ते विचारावं लागेल. परवाच गावाला गेला, आता दसऱ्यानंतर येईल. आल्यावर विचारतो.

कुडाळचो काजू
आणि माकडांचा काय ठरला?