घरी पांढऱ्या पडद्यावर पोर्ट्रेट, चार हजारांत काय घ्यावं? (वडोदरा)

दांडियाबाजारी: नमस्कार. जुन्या घराची माडी, खोली १० बाय १५. धाकट्या बहिणीचे स्थळांसाठी फोटो काढायचेत, कंबरेपर्यंतचेच. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएम लेन्स, दोन साधे फ्लॅश आहेत. पडदा पांढराशुभ्र, पण फोटोत मळका राखाडी येतो. बजेट चार हजार, वर एक रुपया नाही.

रावपुरा_क्लिक: दोन स्टुडिओ स्ट्रोब (मोठे फ्लॅश) घ्या, उजेड मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्ससकट. माझा सेट १८ हजारांना पडला, पण डोक्याला ताप नाही.

दांडियाबाजारी: चार हजार लिहिलंय हो.

कारेलीबाग_मावशी: कापड मुळीच घेऊ नका! मी मांडवीच्या बाजारातून सुती आणलं. इस्त्री करून हात दुखले, तरी भाच्याच्या डोक्यामागे घड्यांचं कुंपण. त्यात पंखा चालू राहिला, स्टँड आडवा, फ्लॅशचा पाय मोडला. स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधा.

साधा_फोकस: पडद्यावर उजेडच कमी पोचतोय, म्हणून राखाडी. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. ताईंना पडद्यापासून पाच फूट पुढे बसवा. एक फ्लॅश त्यांच्या पाठीमागे खाली लपवून फक्त पडद्यावर, दुसरा फोटोच्या पांढऱ्या छत्रीतून चेहऱ्यावर. उजेड मोजला तर चेहऱ्याला एफ ८ आणि पडद्याला एफ ११ यावा, म्हणजे पडद्यावर दुप्पट उजेड. उजेड मोजायचा मीटर नसेल तर कॅमेऱ्यातला हायलाइट अलर्ट लावा, अति उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो: फोटोतला पडदा लुकलुकायला लागला की थांबा. फार वाढवलंत तर मागचा उजेड केसांच्या कडा खातो.

रावपुरा_क्लिक: पडद्याला एक फ्लॅश पुरत नाही, दोन्ही बाजूंनी दोन लागतात. म्हणून म्हटलं स्ट्रोब.

साधा_फोकस: पूर्ण उंचीच्या फोटोला लागतात. इथे कंबरेपर्यंत आहे, वाचा तरी.

सूरसागर_काठ: पडद्याऐवजी कागदाचा नऊ फूट रुंदीचा रोल घ्या, घडीची कटकट नाही. मळलं की तेवढं कापून टाकायचं. गच्चीवर मात्र जाऊ नका. गेल्या उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, माझ्या रिफ्लेक्टरला मांजाने चीर पडली.

कारेलीबाग_मावशी: तेच म्हणते मी, कापड नको. मुलीचं शिक्षण काय? आमच्या नात्यात एक मुलगा आहे.

दांडियाबाजारी: मावशी, व्यनि (खाजगी निरोप) करतो. रोलचं म्हणाल तर आमच्या जिन्याच्या वळणावर सात फुटी बांबूच अडला, नऊ फूट कुठून जाणार?

साधा_फोकस: साडेचार फुटी रोलही मिळतो. कॅमेरा उभा धरलात तर तेवढा पुरेल.

दांडियाबाजारी: उशीर झाला साहेब. आईने पांढरी चादर धुतली, ती ओलसर असतानाच बांबूला चिमट्यांनी ताणून बांधली. थोड्या घड्या उरल्या होत्या, एफ ११ च्या उजेडात त्याही विरल्या. छत्री, तिचा होल्डर आणि चिमटे मिळून ११५० खर्च. बहिणीला फोटो आवडले. मावशींनी नको म्हटलेलं कापडच चाललं.

कारेलीबाग_मावशी: पंखा बंद केला होतात ना?