मदत हवी आहे: बेदाणा रॅकवर पाच दिवसांचा झालाय, यलो अलर्ट आलाय, उद्या बाकीचा माल उतरवू का थांबू?

सावळजचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन बघू नका. आमची तासगाव तालुक्यात सावळजच्या पुढं दोन एकर सुपर सोनाका जातीची द्राक्षबाग आहे, सगळी बेदाण्यालाच. त्यातला एक एकर शुक्रवारी उतरवून शेडमधल्या रॅकवर, म्हणजे एकावर एक जाळ्यांच्या थरांवर, वाळायला टाकला, अंदाजे नऊ टन द्राक्ष, चारास एक धरलं तर सव्वादोन टन बेदाणा. दुसरा एकर अजून वेलीवर, ब्रिक्स म्हणजे गोडी २२ लागतंय. तोडणीची टोळी उद्या बुधवारी सकाळी येणार आहे आणि उद्याचा दिवस सोडला तर मुकादम म्हणतोय आठ दिवस माझं नाव काढू नका.

आता घोळ असा झालाय की रविवारपर्यंत ऊन कडक होतं, ३८ डिग्री आणि हवेत ओलावा १५ टक्के, मणी बघता बघता आकसायला लागले होते, वडील तर खूश होते. सोमवारी दुपारनंतर वारंच फिरलं. कोरडा वारा गेला आणि दक्षिणेकडनं चिकट हवा सुरू झाली, आज दुपारी ३६ डिग्री आणि ओलावा ४०, अंगातला शर्ट वाळंना तिथं बेदाणा कुठनं वाळायचा. काल रात्री दंडोबाच्या पलीकडं नुसत्या विजा चमकत होत्या, आवाज नाही काही नाही. सकाळी मधल्या थरातला एक मणी बोटात दाबून बघितला, वरनं सुरकुतलाय पण आतला गर अजून बोटाला चिकटतोय.

हवामान खात्यानं सांगलीला तीन दिवस यलो दिलाय, तुरळक ठिकाणी विजांसह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर. मोबाईलमधलं ॲप सकाळी उद्यासाठी शून्य टक्के दाखवत होतं, दुपारी ६०, आत्ता २०. त्यात गावच्या ग्रुपवर कुणीतरी गारपिटीचा कधीचा तरी व्हिडिओ टाकून सगळ्यांची झोप घालवलीय.

तर प्रश्न असा की हे तुरळक म्हणजे माझ्या शेडवर पडणार का नाही ते कसं धरायचं, उद्या दुसरा एकर उतरवू का वेलीवरच राहू दे, आणि पडदे आत्ताच सोडू का? शेड भाड्याचं आहे, वर प्लास्टिकचा कागद आहे, बाजू उघड्या. वडील म्हणतात उतरव, चुलते म्हणतात थांब, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मलाच निरोप सांगायला लावतात.

ढगांचा_नाद:
तुरळक म्हणजे शेजाऱ्याचं सोडून बरोबर आपल्या शेडवर, आमच्यात तरी हाच अर्थ आहे 😄

आता खरं सांगतो. खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागात पाऊस मोजायची जेवढी ठिकाणं आहेत त्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पाऊस. काही ठिकाणी म्हटलं की निम्म्यापर्यंत, त्याच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी. म्हणजे बहुतेक गावं कोरडी राहणार हे त्यातच आलं, फक्त कोरडी कुठली ते आज कुणीच सांगू शकत नाही. आणि टीव्हीवर नुसतं 'मध्य महाराष्ट्रात पाऊस' ऐकून घाबरायचं नाही, त्यात नंदुरबारपासून आपल्या कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे येतात. जिल्ह्याचा अंदाज वेगळा येतो, तोच बघ. यलोचा अर्थ लक्ष ठेवा एवढाच, तयारीत राहा ऑरेंजला म्हणतात.

ॲपचं म्हणशील तर ते टक्के सोडून दे. ॲपं बहुतेक जागतिक मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गणितावर चालतात, त्यात नकाशाचा एक चौकोन दहा-बारा किलोमीटरचा, आणि वळवाचा ढग कधी कधी तेवढाही नसतो. सावळजला झोडपतो आणि मणेराजुरीत धुरळा पण बसत नाही. दिवसातनं चार वेळा मॉडेल नव्यानं चालतं आणि दर वेळी ढग इकडं तिकडं सरकतो, म्हणून तुला शून्य, साठ, वीस असं दिसलं.

ह्या दिवसात हे होतंच. मार्च-एप्रिलमधे जमीन तापते, मराठवाडा-विदर्भाकडनं खाली कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा लांब पट्टा तयार होतो, त्याच्या एका बाजूला उत्तरेचा कोरडा वारा आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावरनं आलेली ओली हवा. तो पट्टा थोडा इकडं सरकला की एका दिवसात सगळं बदलतं. तू सांगितलेल्या आकड्यांवरनं दवबिंदू, म्हणजे किती डिग्रीला हवेतल्या वाफेचं दव होईल तो आकडा, काढला तर रविवारी ७ च्या आसपास होता, आज २० झालाय. पावसाच्या टक्क्यापेक्षा हा आकडा बघ. तो २० वर आहे तोवर दुपारी चारनंतर कुठंही ढग फुटू शकतो, आणि पाऊस नाही आला तरी तुझा माल सावकाशच वाळणार हे नक्की.

उद्या दुपारी खात्याच्या साईटवर नाऊकास्ट बघत बस, तीन तासांपुरता असतो पण तोच कामाचा. गोव्याचं रडार उघडून जतच्या बाजूला काही उठतंय का बघ. दामिनी ॲप टाक, आसपास वीज पडायला लागली की सांगतं, पण पडदे बांधायला माणसं पाठवताना विजेचं आधी बघा, लोखंडी रॅक आहेत.

हळदीवाला_काका:
आमची हळद शिजवून पटांगणात पडलीय बाबा, तुला निदान वर कागद तरी आहे. तेवढंच सांगायचं होतं.

बागायतदार_कवठे:
पोरा, उद्या उतरवू नकोस. वडिलांना माझा नमस्कार सांग, पण चुलत्यांचं बरोबर आहे.

कारण असं बघ, द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा थर असतो, तो आहे तोवर मणी स्वतःला सांभाळतो. आपण लिटरला १५ मिली डिपिंग ऑईल आणि २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घालून बुडवतो ते तो थर मोडायलाच, म्हणजे आतलं पाणी लवकर निघावं. थर मोडल्यावर मणी उघडा पडला. त्या मालाला पहिले दोन-तीन दिवस ऊन-वारा मिळाला नाही तर काळा पडतो, बुरशी धरतो, आणि काळ्याला सौद्यात कोण हात लावत नाही. वेलीवर हलका पाऊस झाला तर काही मणी तडकतील, पण वारा सुटला की बाग वाळते. गारा आल्या तर मात्र बाग गेली, तो जुगार आहे, मी नाही म्हणत नाही. पण गारा पडायचा चान्स आणि दमट हवेत ताजा माल खराब व्हायचा चान्स यात मला दुसरा मोठा वाटतो, कारण दमट हवा तर आलेलीच आहे.

पडदे बांधून ठेव पण गुंडाळून वर. आत्तापासनं सोडलेस तर आत वाफ कोंडेल आणि पाऊस न पडताच माल घालवशील. पावसात सोडलेले पडदे सुटे राहिले तर फडफडून जाळ्यांवरचा माल खाली पाडतात, म्हणून खालची दोरी पाईपला आवळायची आणि वरनं वीतभर फट सोडायची. पाऊस थांबला की रात्रीचे दोन वाजू देत, उठून पडदे वर करायचे. आपल्याकडं वळीव बहुतेक पूर्वेकडनं येतो, ती बाजू आधी बघ.

मिरज_पंढरपूर_रोड:
फळपीक विमा असेल तर एक लक्षात ठेवा, तो वेलीवरच्या मालाचा. पाऊस तुमच्या बागेत किती पडला ते विचारत नाहीत, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर किती मोजला ते बघतात. गारपीट झाली तर ७२ तासांत कळवा, फोटोत तारीख येऊ द्या.

सावळजचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. टोळीला नको म्हणून फोन केला, मुकादम लई बोलला. वडिलांना ती मेणाच्या थराची गोष्ट वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत, उठून दोऱ्या शोधायला गेले.

सावळजचा_पोरगा (शुक्रवार सकाळ):
बुधवारी काहीच नाही, नुसता उकाडा, वडिलांनी दिवसभर माझ्याकडं बघितलं नाही. काल सव्वापाचला जतकडनं काळं आलं, आधी धुरळा मग वारं, पडदे सोडून होईस्तोवर थेंब सुरू. पंधरा-वीस मिनिटं पडला, गारा नाहीत. ओढ्याच्या पलीकडं म्हणे जास्त झाला, आमच्याकडं जमीन नुसती भिजली. वेलीवरचा माल बरा दिसतोय. पण पूर्वेच्या कोपऱ्यावरच्या पडद्याची खालची दोरी तुटली आणि तिथल्या खालच्या तीन थरांवर पाणी उडालंय, हाताला ओलं लागतंय. आत्ता ऊन पडलंय पण हवा अजून दमटच. त्या जाळ्यांवर परत डिपिंगचा हलका फवारा मारू का नुसता ब्लोअर लावू? कवठ्याचे काका, बघितलं की लगेच सांगा.

बागायतदार_कवठे:
फवारा राहू दे, आधीच ओलं आहे. ब्लोअर लाव आणि तो माल हातानं हलवू नकोस, साल जाईल. वाळल्यावर ते तीन थर वेगळे झाडून घे, चांगल्यात मिसळू नकोस. आणि दोरी नायलॉनची घे ह्या वेळी.