स्तनातली गाठ: आधी लेप की आधी तपासणी?

वारणेची लेक (वाळवा तालुका)

आमच्या भागातल्या बचत गटांच्या मोबाईलवर सध्या एक निरोप फिरतोय. स्तनात गाठ लागली तर हळद आणि एरंडेलाचा लेप लावा, सोबत कांचनार गुग्गुळाच्या आयुर्वेदिक गोळ्या घ्या, गाठ जिरून जाईल. शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय की सुई टोचून घेऊ नका, सुईनं गाठ पसरते.

मी उपकेंद्रात परिचारिका आहे. झाडपाल्याशी माझं भांडण नाही. पाळीच्या आधी छाती भरून येते, दुखते, तेव्हा कुणी जवसाची चटणी खाल्ली, गरम पाण्याचा शेक घेतला तर मी अडवणार नाही. पण गाठ हाताला लागली आणि ती कसली हे कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी लेप लावत बसणं मला मान्य नाही. तरुण मुलीतली हाताखाली सरकणारी साधी गाठ असते, पाण्याची गाठ असते, दूध साकळून झालेली असते, गळू असतं, क्वचित क्षयाची असते आणि कर्करोगाचीही असते. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण नुसत्या बोटांनी चाचपून यातली कुठली हे मोठा डॉक्टरही खात्रीनं सांगत नाही, मग मोबाईलवरचा निरोप कुठून सांगणार?

आणखी एक गोष्ट आहे आणि तिचाच मला जास्त त्रास होतो. बायका दुखायला लागलं की येतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणून महिने जातात, आणि त्याच महिन्यांत लेप चालू असतो. लेपानं कातडी लाल झाली, सोलली, की पुढं तपासणाऱ्यालाही नीट कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी गाठीचं निदान होऊ द्या, औषधाचं नंतर बघू. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोकळेपणानं लिहा.

तासगावकर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. आमच्या आईला छातीत दुखायचं, हाताला गाठी गाठी लागायच्या. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. एकामागून एक तपासण्या झाल्या, बिल वाढत गेलं, आणि शेवटी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं. दुखणं तसंच राहिलं. मग आमच्याकडच्या वैद्यांनी काढा दिला, पथ्य सांगितलं, आणि दोन-तीन पाळ्यांत तिला बरं वाटलं. मग मी कुणावर विश्वास ठेवू?

दुसरं, आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतलं कर्क्युमिन काढून त्याच्या कॅप्सूल जगभर विकतात. आणि आपणच म्हणायचं की हळद निरुपयोगी! कर्करोगाची औषधंसुद्धा झाडातनंच आली ना? अंगणातल्या सदाफुलीपासून इंजेक्शनं बनतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. झाडपाला खेड्यातल्या बाईनं वापरला की अंधश्रद्धा, कंपनीनं बाटलीत भरला की विज्ञान, हा न्याय मला कळत नाही.

प्रयोगशाळा, मिरज

तासगावकर दादा, सदाफुलीचं तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच त्याचं उत्तर पूर्ण देतो. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन निघालं. पॅसिफिक यू नावाच्या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल निघालं. त्याची रचना 1971 साली प्रसिद्ध झाली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी तिथली मान्यता 1994 साली मिळाली. मधली दोन दशकं ते द्रव्य सालीतून वेगळं काढण्यात, मात्रा ठरवण्यात, कुणाला किती सोसतं हे बघण्यात गेली. सदाफुलीच्या शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात औषध हाती येतं, ते मिलिग्रॅममध्ये मोजून थेट शिरेत द्यावं लागतं, आणि मात्रा चुकली तर जीव जातो. सकाळी चार पानं चावल्यानं गाठीपर्यंत काहीही पोचत नाही.

हळदीचंही तसंच. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की त्या मरतात हे खरं. पण पोटात घेतलेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. ते वाढावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपरिन घालतात. नेदरलँड्समध्ये 2019 साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना हळदीचं कर्क्युमिन आणि पिपरिन एकत्र देऊन पाहिलं, तर त्यांच्या रक्तातलं टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूपच कमी झालं. म्हणजे कर्करोग परत येऊ नये म्हणून जी गोळी घ्यायची, तिचाच जोर हळदीच्या कॅप्सूलनं उतरू शकतो. भाजीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. ती रोज खा.

2018 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी कर्करोगावर नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली. स्तनाच्या कर्करोगात पहिल्या गटाला मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला.

माझं मत वारणेच्या ताईंपेक्षा कडक आहे. स्तनाच्या कुठल्याही तक्रारीवर झाडपाला नकोच. बिब्बा घालून भाजलेल्या कातडीखालची गाठ आमच्याकडे येते, तेव्हा ती काखेत उतरलेली असते.

वैद्य, सातारा

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, साताऱ्यात माझा दवाखाना आहे. मला दोन्ही बाजूंशी बोलायचं आहे.

आधी त्या निरोपाबद्दल. तो आयुर्वेदाच्या नावावर खपवला जातोय, याचा मला राग आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी म्हणजे साधी गाठ आणि अर्बुद म्हणजे वाढत जाणारी मोठी गाठ यांचं वेगळं वर्णन आहे. अर्बुदाच्या चिकित्सेत सुश्रुत सांगतात की ते काढताना थोडंही शिल्लक राहिलं तर पुन्हा वाढतं आणि विझता विझता राहिलेल्या आगीसारखं माणसाला संपवतं, म्हणून ते मुळासकट काढावं. शस्त्रक्रियेबद्दल इतकं स्पष्ट लिहिणाऱ्या शास्त्राच्या नावानं 'कापू नका, टोचू नका' असं सांगणं हा त्या शास्त्राचा अपमान आहे. कांचनार गुग्गुळ हे शार्ङ्गधरसंहितेत सांगितलेलं औषध आहे, मीही देते. पण रुग्ण तपासून, आणि थायरॉईडची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का हे विचारून, कारण गुग्गुळ काही औषधांच्या कामात लुडबूड करतो. निरोपात यातलं काय आहे?

आता मिरजेच्या दादांना. 'कुठल्याही तक्रारीवर झाडपाला नकोच' हे मला मान्य नाही. पाळीशी निगडित स्तनदुखीत रोज 25 ग्रॅम जवस खाऊन दुखणं कमी झाल्याचं कॅनडातल्या चाचणीत दिसलं आहे. निर्गुडीच्याच कुळातली युरोपातली एक वनस्पती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, कमी करते आणि जर्मनीत ती स्तनदुखीवर वापरली जाते. आपली निर्गुडी तेच करते असं मी म्हणणार नाही, ती वेगळी जात आहे. दूध थांबवायचं असेल तर छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची दक्षिणेतली पद्धत वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1988 साली ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळीशी ताडून पाहिली, आणि फुलांनीही प्रोलॅक्टिन उतरलं. हे सगळं झाडपालाच आहे की! ज्याची परीक्षा झाली आणि जे उतरलं त्याला नाही म्हणू नका.

उलटही सांगते. ईव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल स्तनदुखीसाठी अजून सर्रास लिहिल्या जातात. ब्रिटनमध्ये 2002 साली त्यांचा औषध म्हणून असलेला परवाना काढून घेतला, कारण गुण येतो हे सिद्ध होईना. तीही वनस्पतीच, आणि लिहून देणारे ॲलोपॅथीचेच.

स्तन सुडौल करणारी तेलं, मलमं यांच्या जाहिराती तर आठवडी बाजारात उघड लावलेल्या असतात. 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याच्या यादीत कर्करोगाबरोबर स्त्रीच्या स्तनांचा आकार हाही विषय नावानिशी आहे. तसली जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि तक्रार मात्र कुणी करत नाही.

कोरेगावची बाळंतीण

माझं बाळ लहान आहे म्हणून विचारते. दूध साकळून दगड झाला होता, ताप आला. आत्याबाईंनी कोबीची गार पानं ठेवायला सांगितली आणि शतावरी सुरू केली. सुईणबाई म्हणाली जोरात चोळून गाठ फोड. कुणाचं ऐकायचं?

वारणेची लेक

चोळू नका बाई! जोरात चोळल्यानं आतली सूज वाढते. 2022 साली स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं नव्या सूचना दिल्या, त्यात जोराचं मालीश आणि गरम शेक दोन्ही टाळून गार ठेवायला सांगितलंय. बाळाला पाजत राहा. कोबीची गार पानं ठेवायला हरकत नाही, थोडा आराम पडतो. पण ताप एका दिवसात उतरला नाही, जागा लाल होऊन मऊ पडली, तर पू झालेला असू शकतो. मग कोबी नाही, दवाखाना.

वैद्य, सातारा

शतावरीबद्दल प्रामाणिकपणे सांगते. 1996 साली भारतातल्याच एका चाचणीत दूध वाढवायला तिचा उपयोग दिसला नाही. 2011 च्या दुसऱ्या चाचणीत प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं. दोन्ही लहान चाचण्या. मी देते, पण साकळलेल्या दुधावर दूध वाढवणारं औषध कशाला? तुम्हाला सध्या ती नकोच.

माणदेशी

मी दहिवडीकडची. सगळं वाचलं. तुम्ही सगळे शिकलेले आहात, पण बाई लेपच का लावते हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडं बाईला छातीचं दुखणं सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची लाज. दवाखान्यात पुरुष डॉक्टर. कुणाम्होरं पोलकं काढायचं? ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक दिवस बुडाला तर मुकादम पैसे कापतो. लेप मात्र दार लावून, कुणाला न सांगता, स्वतःच्या हातानं लावता येतो. त्याला गाडीभाडं लागत नाही, परवानगी लागत नाही. तुम्ही लेप काढून घेताय, पण त्या बाईच्या हातात दुसरं काय देताय?

मिरजेचे भाऊ, तुमच्याकडं गाठ काखेत उतरून येते म्हणता. ती बाई झाडपाल्यानं उशिरा आली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती कशीही उशिराच आली असती, झाडपाला तिनं वाट बघता बघता केला.

प्रयोगशाळा, मिरज

मावशी, काही बायकांचं तसं असेल, हे मान्य. पण सगळ्यांचं नाही. पैसा आहे, गाडी आहे, शिकलेल्या सुना आहेत, अशा घरांतल्या बायकाही उशिरा येतात, कारण कुणीतरी 'सुईनं पसरतं' असं ठासून सांगितलेलं असतं. ती भीती लाजेतून येत नाही, ती पेरली जाते. सुईनं छोटा तुकडा काढून तपासल्यानं कर्करोग पसरून जीव गेला, असा धोका नगण्य आहे. तपासणी टाळण्याचा धोका मोठा आहे. ही पेरणी करणाऱ्यांना मी माफ करणार नाही.

वारणेची लेक

माणदेशी मावशी, तुमचा प्रश्न मला लागला, आणि त्याला उत्तर आहे. 30 वर्षांवरच्या बायकांची स्तनांची तपासणी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात करायची, असा सरकारी कार्यक्रमच आहे. तपासणारी बाईच असते, पडदा असतो, पैसे लागत नाहीत. आशाताईला सांगितलं तर ती सोबत येते, घरी फक्त 'बीपी बघायला गेले' एवढं सांगितलं तरी चालतं.

आणि हाताच्या तपासणीला कमी समजू नका. मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 साली दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास सुरू केला. वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी फक्त हातानं तपासत होत्या, मशीन नव्हतं. 20 वर्षांनी बघितलं तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगते. पण हे काम माझ्यासारख्या बाईच्या हातांनी झालं.

कर्करोग निघालाच तर शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन महात्मा फुले योजनेत बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचं.

माणदेशी

पडदा आमच्या उपकेंद्रात नाही. ताई मात्र चांगली आहे. मी बोलते तिच्याशी, आणि ग्रामपंचायतीतही पडद्याचं मांडते. बायकांच्या ग्रामसभेत हे बोलायला मला लाज नाही.

तासगावकर

आईचा विषय मी काढला होता. वैद्यताई आणि परिचारिका ताई, एक सांगा. तिच्या रिपोर्टात काही नव्हतं आणि ती काढ्यानं बरी झाली. यात चूक कुणाची होती?

वैद्य, सातारा

कुणाचीच नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणूनच काढा निर्धास्तपणे देता आला. असलं दुखणं पुष्कळदा 'काही वाईट नाही' हे नीट समजावून सांगितल्यावरच अर्धं कमी होतं. दवाखान्यानं समजावलं नाही, तुमच्या वैद्यांनी वेळ दिला. तेवढं श्रेय त्यांना द्या. काढ्याला किती द्यायचं हे मी वैद्य असूनही सांगू शकत नाही.

तासगावकर

मग माझी अट एकच. तपासणी करून घ्या असं मीही आमच्या गटात लिहितो. पण तपासणीनंतर वैद्याकडं जायचं की नाही हे बाईवर सोडा, दम देऊ नका.

वारणेची लेक

रिपोर्ट साधा असेल तर खुशाल जाऊ द्या, दम देणार नाही. रिपोर्टात कर्करोग असेल तर शस्त्रक्रियेची तारीख आधी, आणि वैद्याचं जे काही घ्यायचं ते कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवून. या दुसऱ्या बाबतीत मी सोडणार नाही, दादा. तुम्ही गटात लिहाल तेव्हा सुईच्या तपासणीला घाबरू नका, हे वाक्यही लिहा.